अंजनेरीची मोजदाद

नाशिकहून त्र्यंबकेश्वराच्या रस्त्यानं निघालं की डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर लागतो. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून भाविक त्यावर चढतात, पावसाळ्यात पुण्या-मुंबईची ट्रेकवाली पोरं चढतात, आणि गावातली गुरं तर वर्षभर चढतात. मला हा डोंगर आवडतो तो तिथल्या एका विचित्र शेजारामुळे. पायथ्याशी नाण्यांचं संशोधन करणारी संस्था आहे, तिचं संग्रहालय आहे. वरच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात उगवते, जिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. एकाच गावाच्या शिवारात खाली दुर्मीळ वस्तू आणि वर दुर्मीळ जीव. खालच्या काचेत आणि कुलपात. वरच्या उघड्यावर, पावसात, बकऱ्यांच्या तोंडाशी. मोजदाद दोन्हीकडे चालते. पण खाली मोजणाऱ्याला आकडा लहान निघाला की आनंद होतो, आणि वर मोजणाऱ्याला तो मोठा निघाला की.

आधी खालचं सांगतो. नाणकशास्त्रातले मोठे जाणकार परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकारानं १९८० साली ही संस्था सुरू झाली. तिच्यासाठी नाशिकची निवड अगदी योग्य म्हणायची, कारण नाण्यांचा इतका जुना आणि इतका सविस्तर हिशेब दगडावर कोरून ठेवलेली गावं आपल्याकडे फार नाहीत. पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यानं तीन हजार कार्षापणं गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, उरलेल्या हजारावर दरमहा शेकडा पाऊण. व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या चीवरांचा आणि किरकोळ गरजांचा खर्च भागवायचा. मुद्दलाला हात लावायचा नाही, हेही बजावून ठेवलेलं. एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही मुदतठेव वाचताना बँकेच्या पासबुकाची आठवण येते खरी, पण माझं लक्ष दुसरीकडे जातं. नाणं वाढतं ते असं: हातातून हातात जाऊन, मागावर कापड होऊन, पुन्हा नाणं होऊन. त्या काळी कार्षापण दुर्मीळ असतं तर विणकरांच्या काही उपयोगाचं नव्हतं. ते ढिगानं होतं म्हणूनच ते धन होतं.

मग राज्य बदललं. गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला, आणि पुढची सतरा-अठरा शतकं ती नाणी जमिनीत राहिली. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा हंडा सापडला. त्यात १३,२५० नाणी होती, सगळी नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारून घेतलेला. चांदी वितळवून नवी पाडण्याचा खटाटोप त्यानं केला नाही, शत्रूच्या चेहऱ्यावरच आपली चिन्हं ठोकली. नीट पाहिलं तर खालून नहपानाचं नाक किंवा ग्रीक लिपीतली दोन-चार अक्षरं अजून डोकावतात. सातवाहनांचा आणि क्षत्रपांचा कालक्रम लावताना या एका हंड्यानं इतिहासकारांना जेवढा हात दिला, तेवढा फार थोड्या सापडींनी दिला असेल. पण संग्राहकाच्या वहीत त्या दिवशी वेगळीच नोंद झाली असणार. कालपर्यंत क्वचित कुणी पाहिलेलं नाणं आज हजारांनी उपलब्ध. आजही लिलावांच्या याद्यांत नहपान दिसतो आणि मध्यमवर्गीय माणसाला परवडेल अशा किमतीला मिळतो. सापड मोठी, म्हणून नाणं स्वस्त.

नाणेबाजारात ही भीती सगळ्यांच्या मनात असते, बोलून कुणी दाखवत नाही. याद्यांत नाण्यापुढे ‘आर’ लिहितात, फारच थोडी असतील तर ‘डबल आर’, ‘ट्रिपल आर’. त्या तीन अक्षरांच्या जोरावर मोठी रक्कम मोजलेला माणूस मनात एकच प्रार्थना करत असतो, की कुणाच्या वाड्याच्या पायात, कुणाच्या नांगराच्या फाळाला अजून एक हंडा लागू नये.

वस्तू दुर्मीळ कशी होते याचं गणित तसं साधं आहे, तरी माणसं ते दर पिढीत नव्यानं चुकतात. सरकारनं गौरवार्थ काढलेली नाणी लोक जपून ठेवतात, पाकिटासकट. सगळ्यांनीच जपल्यामुळे ती कधी दुर्मीळ होत नाहीत. उलट ज्याची कुणाला पर्वा नसते ते संपतं. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावली. त्याआधी नव्वद वर्षं लोकांनी ट्रामची तिकिटं चुरगाळून फेकली, त्यामुळे आज एखादं धड तिकीट निघालं तर माणसं त्याचा फोटो काढतात. पंचवीस पैसे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले, पण ते अजून घराघरांत डब्यांच्या तळाशी, देव्हाऱ्याच्या खणात पडून आहेत. ते दुर्मीळ व्हायला अजून दोन पिढ्यांचा निष्काळजीपणा लागेल. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या, दौती, पानाचे डबे गोळा केले तेव्हा त्या वस्तूंना बाजारात मोडीपलीकडे किंमत नव्हती. लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्यांनी वीस हजारांवर वस्तूंचं संग्रहालय उभं केलं. केळकरांनी दुर्मीळ वस्तूंचा पाठलाग केला नाही. रोजच्या वापरातल्या वस्तू दुर्मीळ होण्याआधी उचलल्या. संग्राहकांविषयी पुढे जे काही कडू लिहिणार आहे, त्यातून केळकरांना वगळून ठेवतो.

कडू लिहायचं आहे ते शंखांवरून. ‘कोनस ग्लोरियामारिस’ नावाचा एक शंकूच्या आकाराचा शंख आहे. बारीक सोनेरी-तपकिरी जाळीची नक्षी, लांबट, डौलदार. १७७७ मध्ये केमनिट्झ या जर्मन अभ्यासकानं त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव दिलं, समुद्राचं वैभव. पुढची जवळपास दोनशे वर्षं जगभरात मिळून त्याचे काही डझन नमुने माहीत होते. राजे, सरदार, बँकर यांच्या संग्रहात एखादा. संग्राहकांमध्ये एक गोष्ट अजून चवीनं सांगतात: अठराव्या शतकाच्या शेवटी युरोपातल्या एका लिलावात असा शंख निघाला. ज्याच्याकडे आधीच एक होता अशा एका गृहस्थानं तो चढ्या बोलीनं घेतला आणि तिथल्या तिथे टाचेखाली चिरडला. का, तर आता आपला एकच उरावा. गोष्ट खरी असेल असं इतिहासकारांना वाटत नाही, मलाही वाटत नाही. पण ती इतकी वर्षं टिकली, कारण ऐकणाऱ्या प्रत्येक संग्राहकाला त्या टाचेचं मन कळतं.

शेवटी १९६९ मध्ये सॉलोमन बेटांपैकी ग्वाडलकनालच्या किनाऱ्याजवळ पाणबुड्यांना या शंखाचं घर सापडलं. खोल पाण्यात, वाळू-चिखलात हा प्राणी आपला आरामात राहत होता. थोड्याच काळात शंभरावर नमुने वर आले आणि हजारो डॉलरांची किंमत काही वर्षांत गडगडली. शंख दुर्मीळ नव्हताच. त्याच्या घरापर्यंत आपण पोचलो नव्हतो एवढंच. त्या गोगलगायीच्या दृष्टीनं पाहिलं तर तिचं वैभव अठराव्या शतकातही अखंड होतं आणि तिला युरोपातल्या टाचेची काही खबर नव्हती.

आता डोंगर चढू. अंजनेरी सव्वाचार हजार फुटांच्या घरात जाते. श्रावण-भाद्रपदात पठारावर धुकं, चिखल, आणि गवतात लपलेली फुलं. कंदीलपुष्पाला शास्त्रात सेरोपेजिया म्हणतात. भारतात त्याच्या पन्नासाहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच पश्चिम घाटापुरत्या. अंजनेरीच्या जातीचं शास्त्रीय वर्णन २००६ साली प्रसिद्ध झालं. ते करणाऱ्यांत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे श्रीरंग यादव होते, ज्यांनी कंदीलपुष्पांसाठी उभं आयुष्य दिलं. फुलाची रचना अशी की बारीक माशी नळीत उतरते, आतले केस खालच्या दिशेनं झुकलेले असल्यामुळे तिला परत फिरता येत नाही. काही काळानं केस कोमेजतात, माशी सुटते आणि अंगावर पराग घेऊन दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा अडकते. माशीच्या शहाणपणाबद्दल काय बोलावं! पण या वेडेपणावर एका जातीचा संसार चालला आहे.

अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ डेबोरा रॅबिनोविट्झ यांनी १९८१ मध्ये दुर्मीळपणाचे सात प्रकार मांडले. त्यांनी तीन साधे प्रश्न विचारले: ही वनस्पती किती मोठ्या प्रदेशात सापडते, किती तऱ्हांच्या जागी वाढते, आणि जिथे आहे तिथे तिची संख्या किती? प्रत्येक प्रश्नाची दोन उत्तरं धरली तर आठ जोड्या होतात. त्यांतली एकच सर्वार्थानं सामान्य, बाकीच्या सातही आपापल्या परीनं दुर्मीळ. ही मांडणी वाचल्यापासून मी अंजनेरीच्या फुलाला बिचारं म्हणायचं सोडलं. त्याचा प्रदेश चिमुकला, जागेची निवड चोखंदळ, पण योग्य जागी, योग्य महिन्यात त्याचं बरं चाललेलं असतं. त्याचं दुर्मीळ असणं हा आजार नाही, स्वभाव आहे. हजारो वर्षं ते एवढंच होतं आणि एवढ्यावर त्याचं भागत होतं. त्याला त्रास नव्यांचा आहे: पठारावर गाडी नेऊ पाहणारे, रोपवेची स्वप्नं पाहणारे, कंद उकरणारे. आणि मला सर्वांत जास्त राग ज्यांचा येतो ते, फुलाचा फोटो स्वच्छ यावा म्हणून भोवतालची रोपं हातानं मोडून बाजूला करणारे निसर्गप्रेमी. त्यांच्या फोटोत फूल एकटं उभं असतं, मागे धूसर हिरवं. फोटोखाली ‘अतिदुर्मीळ’ लिहिलेलं असतं. ती टाच आणि हे हात यांत मला फारसा फरक दिसत नाही.

याच डोंगरउतारांवर कारवीही आहे आणि तिचं सगळं उलटं. सह्याद्रीत ती इतकी माजते की तिच्या काठ्यांचे कूड घालून गावंच्या गावं भिंती उभ्या करत आली. दुर्मीळ आहे तो तिचा बहर. सात-आठ वर्षं नुसती वाढ, मग एका पावसाळ्यात अख्खा उतार जांभळा, मग बी धरून मरण. पर्यटकांच्या दृष्टीनं ती ‘सात वर्षांतून एकदा’ असते. आदिवासी पाड्यांवर ती रोजची असते आणि बहराच्या वर्षी तिचा मध असतो.

दुर्मीळपणा कधी कधी नुसत्या खोटेपणातून तयार होतो, आणि त्याचं सर्वांत नमुनेदार उदाहरण आपल्या खानदेशात घडलं. रानपिंगळा हे आखूड, जाड मानेचं, दिवसाढवळ्या शिकार करणारं घुबड. अॅलन ह्यूमनं १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानं शहाद्याच्या बाजूला काही पक्षी मिळवले, शेवटचा १८८४ मध्ये. त्यानंतर एकच नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं १९१४ साली तापीकाठच्या मांडवीत, म्हणजे गुजरातेत, एक पक्षी मारल्याचं लेबल. मोठा शिकारी, मोठा संग्राहक, युद्धातल्या पराक्रमाच्या कहाण्या. त्याच्या शब्दावर कोण शंका घेणार? सालिम अलींसारख्यांनीही या पक्ष्याचा मागोवा घेतला, पण तो कुणाला दिसला नाही आणि शंभर वर्षांत त्याची गणती नामशेषांत होऊ लागली. मग पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले कातडी नमुने तपासायला घेतले. माइनर्ट्झहागेनच्या पक्ष्याच्या आतली शिलाई आणि भरण डेव्हिडसनच्या हाताची निघाली. डेव्हिडसनचाच एक नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवं गाव आणि नवं वर्ष लिहून तो परत ठेवलेला होता. खोटी नोंद वजा केल्यावर शोधायचं ठिकाण आपोआप बदललं. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी शहाद्याजवळच्या रानात गेले आणि पळसा-सागाच्या उघड्या फांदीवर, भर सकाळी, रानपिंगळा बसलेला दिसला. पुढे तो मेळघाटात, यावलात, मध्य प्रदेशात, ठाण्याच्या तानसा अभयारण्यातही सापडत गेला. अजून तो धोक्यात आहेच. पण शंभर वर्षांचं त्याचं नाहीसं होणं बऱ्याच अंशी एका माणसाच्या हौसेनं घडवलं होतं. आपल्या संग्रहात जगातला सगळ्यात दुर्मीळ पक्षी स्वतः मारलेला असावा, एवढीच ती हौस.

हौसेचं टोक आइसलँडजवळच्या एल्डी बेटावर गाठलं गेलं. ग्रेट ऑक हा उडता न येणारा मोठा समुद्रपक्षी. मांसासाठी, पिसांसाठी त्याची लाखांनी कत्तल झाली. संख्या रोडावली तशी युरोपातल्या संग्रहालयांनी आणि श्रीमंत हौशांनी कातड्याची, अंड्याची किंमत वाढवत नेली, कारण आता मिळाला नाही तर कधीच मिळणार नाही. जून १८४४ मध्ये शेवटची जोडी एका संग्राहकाच्या मागणीवरूनच मारण्यात आली. पक्षी संपत आला म्हणून त्याला वाचवण्याऐवजी संपत आला म्हणून तो विकत घेतला गेला. नाण्याच्या बाबतीत हेच केलं तर कुणाचं काही बिघडत नाही. शेवटचं नाणं तिजोरीत शंभर वर्षं सुरक्षित राहतं. शेवटची जोडी तिजोरीत राहत नाही. ती जोडी उरली आहे म्हणजे तिच्यामागचे हजार तिच्याबरोबर नाहीत. सावधगिरीचा आवाज देणारे नाहीत, जोडीदाराला पर्याय नाही, वाईट वर्षी सांभाळून घेणारं कुणी नाही. वॉर्डर अॅली या प्राणिशास्त्रज्ञानं विसाव्या शतकात दाखवून दिलं की काही जिवांना गर्दीच लागते. संख्या एका पातळीखाली गेली की उरलेल्यांची वाढही मंदावते. लहान आकडा आपल्या आपण लहान होत जातो.

अंजनेरीच्या कड्यांवर हे डोळ्यांनी दिसतं. तिथे लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. ऐंशीच्या दशकापर्यंत भारतात गिधाड ही दखल घेण्यासारखी गोष्टच नव्हती. गावाबाहेर ढोरं टाकायच्या जागेवर दहा-वीस बसलेली असायचीच. पांढऱ्या पाठीचं गिधाड तर जगातला सर्वाधिक संख्येचा मोठा शिकारी पक्षी असावा असं म्हटलं जायचं. १९९२ ते २००७ या काळात त्याची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली, लांब चोचीच्या गिधाडाची सुमारे ९७ टक्क्यांनी. कारण सापडायला २००४ उजाडलं. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी करायचं. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. घसरण पंधरा वर्षांत झाली, भरपाईला मात्र तेवढी वर्षं पुरणार नाहीत. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाच-एक वर्षं घेतं. नव्या पैशांच्या टांकसाळीसारखी ही वाढ करता येत नाही. तिला स्वतःची गती आहे आणि ती कुणाच्या अंदाजपत्रकात बसत नाही. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला गावकऱ्यांनी आणि वन खात्यानं मिळून मेलेली गुरं गिधाडांसाठी ठेवायची जागा केली. इगतपुरी तालुक्यातलं टाकेद हे जटायू पडला ते ठिकाण मानतात, त्याच्या जिल्ह्यात ही सोय झाली याचं मला बरं वाटतं. बैल मेला की त्याची खबर खाटकाऐवजी तिकडे जावी, एवढं साधं काम. पण ते रोजचं आहे आणि त्यात फोटो काढण्यासारखं फारसं काही नाही. वासामुळे पर्यटकही टिकत नाहीत, हा एक फायदाच.

गिधाडं गेली आणि मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजासमोर एक प्रश्न उभा राहिला. सतराव्या शतकापासून चालत आलेला दोखम्याचा, म्हणजे मृतदेह उघड्यावर गिधाडांच्या स्वाधीन करण्याचा, रिवाज आकाशातल्या पाहुण्यांवर अवलंबून होता. ते येईनासे झाले. मग सूर्यकिरण एकवटणारे परावर्तक बसवले गेले, आणि समाजातल्या काहींनी दहनाचा मार्ग धरला. एका दुर्मीळ होत चाललेल्या समाजाचा अंत्यविधी एका दुर्मीळ झालेल्या पक्ष्यामुळे अडला. हे इतकं चपखल जुळतं की लिहिताना संकोच वाटतो.

कारण पारशांबद्दल ‘दुर्मीळ’ म्हणताना आपण सगळेच थोडे संग्राहक होतो. आकडे खरे आहेत: १९४१ च्या जनगणनेत १,१४,८९०, २०११ मध्ये ५७,२६४. उशिरा लग्नं, अजिबात न केलेली लग्नं, परदेशी गेलेली मुलं, जन्मांपेक्षा जास्त मृत्यू. केंद्र सरकारनं २०१३ मध्ये जियो पारसी नावाची योजना आणली, वंध्यत्वावरच्या उपचारांना मदत देणारी. पण समाजाचा आकडा नुसता जन्ममृत्यूंनी ठरत नाही. रतनजी दादाभाई टाटांनी फ्रेंच मुलीशी लग्न केलं, तिला झरथुष्ट्री धर्माची दीक्षा दिली, आणि त्यावरून उठलेला वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. १९०८ मध्ये न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी निकाल दिला: पारशी बापाची मुलं पारशी, बाहेरून धर्मात आलेली पारशी नाहीत. त्या फ्रेंच आईचा मुलगा पुढे जे. आर. डी. टाटा म्हणून देशाला ठाऊक झाला. निकालाच्या हिशेबानं मुलगा पारशी आणि आई नाही. बाहेर लग्न केलेल्या पारशी मुलीची मुलं तर अजून वादातच आहेत. संग्रह शुद्ध ठेवायचा की समाज मोठा, यावर तिथे शंभर वर्षं भांडण चालू आहे. बाहेरून त्यावर शेरे मारणं मला पटत नाही, पण एक दिसतं: नाण्याला आपली गणना कशी व्हावी हे ठरवता येत नाही, माणसांना येतं. तेवढ्यापुरती त्यांची दुर्मीळता त्यांच्या हातात असते.

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी वेगळाच रस्ता काढला. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या, ही त्यांची मूळकथा. त्या चौदांतून गावोगाव घाणे चालवणारा समाज वाढला. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, दिवेकर, केहिमकर ही आडनावं आजही अलिबागच्या वाटेवरच्या गावांचा पत्ता सांगतात. १९४८ नंतर ते हळूहळू इस्राएलला गेले, तिथे वाढले, मायबोली नावाचं मराठी मासिक चालवलं, मलिद्याचा विधी चालू ठेवला. अलिबागेतून पाहिलं तर समाज संपत आला. तिकडून पाहिलं तर घर बदललं. शंखासारखं त्यांचंही घर शोधावं लागतं, एवढंच, आणि ते शोधायला आपण निघत नाही. आपण अलिबागचं सिनेगॉग पाहून, कुलपाचा फोटो काढून परत येतो.

नाशिकला परतताना मी देवळालीवरून आलो. कँपात पारशांचे जुने बंगले आहेत, सॅनेटोरियम आहे, अग्यारी आहे. एका बंगल्याच्या फाटकाशी चार-पाच तरुण मोबाइल उंच करून उभे होते. व्हरांड्यात एक म्हाताऱ्या पारशी बाई वेताच्या खुर्चीत बसून मटारांच्या शेंगा सोलत होत्या. पोरांतल्या एकानं मोठ्या अदबीनं विचारलं, ‘‘मावशी, एक फोटो घेऊ का? तुमच्यासारखे लोक आता फार कमी राहिलेत ना.’’

बाईंनी मान वर केली. ‘‘घे ना, डिकरा. पण जाताना गेट लावून जा हां. काल उघडं ठेवलं कोणीतरी, गाय शिरली आत आणि सगळे गुलाब खाऊन गेली.’’ मग त्यांनी शेंगांची पाटी पुढे सरकवली आणि आत कुणालातरी, बहुधा नातवाला, हाक मारून अंडी संपल्याचं सांगितलं.